चिठ्ठ्यांवर नसलेलं अपडेट

टीचर, तुम्ही पाठवलेले चिठ्ठ्यांचे फोटो सगळे वाचले. अकरावीच्या मुलांना तुम्ही एकच ओळ लिहायला सांगितली होती: फोनच्या पुढच्या अपडेटमध्ये तुम्हाला काय हवंय? आणि मला विचारलंत, की अठरा वर्षं गोव्यात म्हापशाच्या बाजारात फोन उघडत बसलेल्या माणसाला या यादीबद्दल काय वाटतं. शेवटच्या ओळीत हळूच स्वतःचंही विचारून घेतलंत: तुमच्या फोनवर महिनाभर अपडेट येऊन पडलंय, करू की नको? ते शेवटाकडे सांगतो. आधीचं वाचलंत तर निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

चिठ्ठ्यांची प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली ठेवली आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा पेनाने शेरे मारत गेलो. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच शेरा पडला: 'आलेलं आहे'. ॲपांना वेगळं कुलूप हवं: आलेलं आहे. फोन कुणी हिसकावून पळाला तर आपोआप लॉक व्हावा: आलेलं आहे. फोन मराठीत पण बँकेचं ॲप इंग्रजीत: कधीचंच आलेलं आहे. मुलं जे मागतायत ते कुणीतरी दोन-चार वर्षांपूर्वी करून ठेवलंय, फक्त साखळी गावातल्या तुमच्या वर्गापर्यंत ते पोचलेलं नाही. उलट, ज्या गोष्टीसाठी माणसं माझ्या काउंटरवर डोळ्यांत पाणी आणतात, ती एकाही चिठ्ठीवर नाही. सोळा वर्षांच्या पोरांना ती सुचणार तरी कशी म्हणा.

आधी, पोचत का नाही ते. मालीमच्या जेटीवर बांगडा उतरला म्हणजे तो साखळीच्या बाजारात आला असं होत नाही. गूगल अँड्रॉइडची नवी आवृत्ती काढतं ती जेटीवरची मासळी. तिथून ती चिप बनवणाऱ्यांकडे जाते, म्हणजे क्वालकॉम, मीडियाटेक वगैरे. ते आपल्या चिपचे ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे प्रोग्रॅम, तिच्याशी जुळवून देतात. मग फोनची कंपनी त्यावर आपला साज चढवते: आयकॉन, कॅमेरा, स्वतःची दहा-बारा ॲपं. मग तपासण्या. मग आधी थोड्याच फोनांवर सोडून बघतात, बोंब झाली नाही तर बाकीच्यांना. म्हणून एकाच मॉडेलचे फोन घेतलेल्या दोन भावांपैकी एकाला अपडेट आज येतं, दुसऱ्याला तीन आठवड्यांनी, आणि तो दुसरा माझ्याकडे येऊन विचारतो, माझा पीस डुप्लिकेट तर नाही ना? आयफोनवाल्यांची जेटीही आपली आणि टेम्पोही आपला, त्यामुळे तिकडे सगळ्यांना एकाच रात्री मिळतं.

ही वाट आखूड करायचा गूगलने दोनदा चांगला प्रयत्न केला. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर 'प्रोजेक्ट ट्रेबल' आणलं. चिपवाल्यांचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग यांच्यात त्यांनी भिंत घातली, म्हणजे एक बदलताना दुसऱ्याला हात लावायला नको. मग २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर 'मेनलाइन' आलं. सिस्टिमचे काही तुकडे कंपनीला न विचारता प्ले स्टोअरच्या वाटेने थेट तुमच्या फोनवर येऊ लागले. हिसकावल्यावर लॉक होण्याची सोय २०२४ मध्ये आली तीही गूगल प्ले सर्व्हिसेसमार्फत, अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनांसाठी. मोठ्या अपडेटची वाट बघायची गरजच नव्हती. पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि तिथे जातो कोण?

तुम्ही मुलांना एक करायला सांगा. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' किंवा 'सिस्टिम अपडेट' उघडा, तिथे अँड्रॉइडची आवृत्ती दिसेल आणि तिच्या आसपास दोन तारखा दिसतील: सिक्युरिटी अपडेटची एक, गूगल प्ले सिस्टिम अपडेटची दुसरी. आवृत्तीचा आकडा मिरवण्यापुरता. सिक्युरिटीची तारीख बघा. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या सुरक्षेत स्टेजफ्राइट नावाचं भोक सापडलं, नुसत्या एका मल्टिमीडिया मेसेजने फोनमध्ये शिरता येत होतं. त्यानंतर गूगल दर महिन्याला दुरुस्त्या काढू लागलं. तुमच्या फोनवरची ती तारीख दोन वर्षं जुनी असेल तर कंपनीने तुमच्या फोनचा नाद सोडलाय असं समजा, मग स्क्रीनवर कितीही सुंदर घड्याळ येवो.

वर्गातल्या मुलांनी खरं तर हे मागायला हवं होतं: अपडेट किती वर्षं मिळणार? ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला गूगलने सात वर्षांचा शब्द दिला, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ ला तितकाच. हे महागडे फोन झाले. पण २०२४ मध्येच सॅमसंगने ए१६ फाइव्ह-जीसारख्या स्वस्तातल्या फोनला सहा वर्षं देऊ केली, म्हणजे मनात आणलं तर जमतं. युरोपात तर २० जून २०२५ पासून कायदाच आहे, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे फोन घेताना माणूस कॅमेरा किती मेगापिक्सेल ते विचारतो, कव्हर फुकट देणार काय ते विचारतो. 'अपडेट कधीपर्यंत' असं विचारलेलं गिऱ्हाईक मला वर्षातून एखादं भेटतं.

आता बॅटरी. बऱ्याच चिठ्ठ्यांवर 'अपडेटनंतर बॅटरी टिकावी' असं आहे, आणि एका पोराने सरळ लिहिलंय की कंपन्या मुद्दाम जुने फोन स्लो करतात. त्याला खोटं पाडू नका. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं होतं की जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग ते अपडेटमधून कमी करत होते. कारण मात्र त्या पोराला वाटतं ते नव्हतं. म्हातारी झालेली बॅटरी एकदम जास्त करंट देऊ शकत नाही, प्रोसेसरने जोर लावला की फोन फटकन बंद पडतो. ते टाळायला त्यांनी प्रोसेसरचा लगाम खेचला. गुन्हा हा, की कुणाला सांगितलं नाही. त्यापायी २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड भरावा लागला, आणि २०१८ पासून आयफोनमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दिसू लागली. माझी मागणी लिहून घ्या: हा टक्का प्रत्येक फोनमध्ये, दहा हजारांच्यासुद्धा, सरळ दिसला पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या 'अपडेटने बिघडवलेल्या' फोनांपैकी बऱ्याच फोनांची बॅटरी आधीच फुगायला आलेली असते. नाव अपडेटचं होतं.

'फोन अपडेट केलो आनी स्लो जालो' हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकतो. पहिले दोन दिवस ते खरंच असतं. नवी सिस्टिम आली की फोन सगळी ॲपं पुन्हा जुळवून घेतो, सगळे फोटो पुन्हा चाळून त्यांची यादी करतो. त्यात फोन गरम होतो, बॅटरी झरझर उतरते. दोन-तीन रात्री चार्जरवर राहिला की आपोआप शांत होतो. पण लोक दुसऱ्याच दिवशी 'सॉफ्टवेअर मारून द्या' म्हणत येतात. मी परत पाठवतो, सोमवारी या म्हणतो. बरेच जण येतच नाहीत.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला सतावते. २०२३-२४ च्या सुमारास अपडेट होऊन फोन सुरू झाला की स्क्रीनवर उभी हिरवी रेघ, असे फोन एकामागून एक आले. कंपनीचं नाव घेत नाही, आणि एकाच कंपनीचे नव्हतेही. माझं मत असं, की डिस्प्लेची फ्लेक्स, म्हणजे पातळ तारांची पट्टी, जिथे जोडलेली असते तो सांधा आधीच कच्चा होता आणि अपडेट होताना फोन जो तासभर तापतो त्याने तो सुटला. म्हणजे अपडेट निमित्त झालं, दोष पॅनेलचा. काही कंपन्यांनी पुढे स्क्रीन फुकट बदलूनही दिली. पण वॉरंटी संपलेल्या माणसाला नवा फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खी स्क्रीन, घालायला पाच-सात हजार सांगताना त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. म्हणून मी सांगतो, अपडेट करताना फोन कव्हरमधून काढा, पंख्याखाली ठेवा. उशीखाली चार्जिंगला लावून झोपू नका.

भाषेवर चारच चिठ्ठ्या आहेत, याचं वाईट वाटलं. तुम्ही मराठी शिकवता म्हणून हे जरा सविस्तर.

'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द घ्या. एकात वाळपईच्या पुढचे डोंगर, दुसऱ्यात मिरामारचं पाणी. फरक फक्त त्या अर्ध्या र चा. संगणकाच्या युनिकोड यादीत यासाठी 'ऱ' हे वेगळं अक्षर आहे, त्याला हलन्त जोडला की मराठीचा तो डोळ्यांच्या पापणीसारखा र येतो. पण कीबोर्डवर ऱ कुठे दडलाय ते शोधेपर्यंत माणूस साधा र टाकून मोकळा होतो, आणि पुढे फोनचं सुचवणारं यंत्रही तेच शिकतं. मग गोव्यातल्या सगळ्या दऱ्या समुद्राला मिळतात.

दुसरी गंमत 'ॲप' या शब्दाचीच. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ टाकून त्यावर चंद्र काढायचे, अजूनही काही कीबोर्डांवर तसंच होतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, फोनला मात्र ती दोन वेगळी अक्षरं. तुम्ही एका पद्धतीने नाव सेव्ह केलं आणि दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर 'सापडलं नाही' असं उत्तर. माझ्या एका गिऱ्हाइकाचा 'ॲन्थनी इलेक्ट्रिशियन' असा दोन वर्षं हरवला होता. तीच रड लिपीची. अर्धे नंबर इंग्रजीत 'सावंत', अर्धे देवनागरीत. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक फोनांत एका लिपीत शोधलं की दुसऱ्या लिपीतले सावंत मिळत नाहीत. पणजीच्या पलीकडे राहणाऱ्या कुणालाही विचारा, तो सकाळी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, मेसेज लिहितो, दुपारी देवनागरीत, आणि बोलतो कोकणी. १९८७ पासून कोकणी इथली राजभाषा आणि मराठीही सरकारी कामात चालते, पण फोनला हा आमचा गोंधळ अजून समजत नाही. गूगल ट्रान्सलेटमध्ये कोकणी आली तीसुद्धा मे २०२२ मध्ये. शोधताना लिपी न बघता नाव ओळखणं, हे मी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मागेन. चित्रातलं मांजर पुसून देण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

अक्षर मोठं करण्याचं बघा. म्हाताऱ्या माणसांचा फोन हातात आला की मी पहिलं तेच करतो. अँड्रॉइड १४ पासून, म्हणजे २०२३ पासून, अक्षर दुप्पट मोठं करता येतं, आणि आधीच मोठे असलेले मथळे तेवढ्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे पान फुटत नाही. कल्पना चांगली. पण ती इंग्रजी अक्षराच्या उंचीवर बेतलेली वाटते. बऱ्याच ॲपांत देवनागरी मोठी केली की वरच्या वेलांट्या नि अनुस्वार कापले जातात, खालचे उकार बटणाच्या कडेत जातात. 'रद्द करा' मधला 'रद्द' दिसतो आणि 'करा' दिसत नाही. बँकेच्या ॲपात असं झालं तर माणूस काय दाबणार?

यातलं जे आलेलं आहे ते मुलांना दाखवा: अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. आयफोनवर हे २०१९ पासूनच आहे. फोन मराठीत ठेवायला लोक घाबरतात कारण पैशाच्या ॲपातले मराठी शब्द त्यांना कळत नाहीत. 'हस्तांतरण' पेक्षा 'ट्रान्सफर' कळतं, यात लाज कसली. तेवढं ॲप इंग्रजीत ठेवा.

कॉल रेकॉर्डिंगवर मात्र फुली मारली. 'समोरच्याला न कळता' असं तीन जणांनी लिहिलंय, बहुतेक वडिलांचा धंदा असणार. पूर्वी यासाठी ढीगभर ॲपं होती. अँड्रॉइड ९ पासून दारं बंद होत गेली. मग ती ॲपं अपंगांसाठी दिलेल्या ॲक्सेसिबिलिटीच्या खिडकीतून शिरली, ती खिडकीही ११ मे २०२२ पासून प्ले स्टोअरच्या नियमाने बंद झाली. गूगलच्या डायलरवरून, म्हणजे कॉल लावायच्या ॲपवरून, रेकॉर्ड केलं की बाई बोलून सांगते. आयफोनवर ऑक्टोबर २०२४ मध्ये सोय आली तीही सांगूनच. काही कंपन्यांचा स्वतःचा डायलर गुपचूप करू देतो. मासळीची ऑर्डर विसरू नये म्हणून हवं असेल तर व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज मागवा.

जाहिरातींबद्दल थोडक्यात: स्वस्त फोनात कंपनीचा नफा थोडा, तो ती लॉक स्क्रीनवरच्या जाहिरातींतून भरून काढते. अँड्रॉइड १३ मध्ये नव्या ॲपाला नोटिफिकेशन दाखवायला परवानगी मागावी लागते, पण कंपनीची स्वतःची ॲपं आतली माणसं, ती विचारत नाहीत. नोटिफिकेशनवर बोट दाबून धरा आणि बंद करा. दोन महिन्यांनी अपडेट आलं की पुन्हा चालू झालेलं असेल, पुन्हा बंद करा.

आता चिठ्ठ्यांवर नसलेलं.

फोन रिसेट केला की तो आधीचं गूगल खातं विचारतो. ते दिल्याशिवाय पुढे जात नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ बरोबर हे कुलूप आलं, चोराला फोन विकता येऊ नये म्हणून. कल्पना उत्तम. आम्ही त्याला 'एफआरपी लागली' म्हणतो, म्हणजे फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन. पण माझ्याकडे एफआरपी लागून येणारा चोर क्वचित असतो. बहुतेक वेळा म्हातारी आई असते, नाहीतर पेडण्याकडचा काजूवाला. मी विचारतो, जीमेल कुणी काढून दिलं होतं? 'फोन घेतला त्या दुकानातल्या पोराने.' पासवर्ड? 'तो त्यालाच ठाऊक.' तो पोर आता दुबईत. काही ठिकाणी पाचशे रुपयांत हे कुलूप तोडून देतात, आणि त्याच टेबलावर चोरीचे फोनही उघडतात. मी बिल आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय हात लावत नाही, त्यामुळे माणसं मलाच शिव्या घालून जातात.

आणि मग मृत्यू. आमच्या भागात घराआड एक माणूस बोटीवर. तीन वर्षांपूर्वी बार्देशातलीच एक बाई नवऱ्याचा फोन घेऊन आली. तो जहाजावरच गेला होता, हार्ट ॲटॅकने, कंपनीने सामान पाठवलं त्यात हा फोन. पॅटर्न लॉक. तिला पैसे नको होते, बँकेचं काम वकील बघत होता. तिला आतले फोटो हवे होते, आणि लेकीला पाठवायचे राहून गेलेले व्हॉइस मेसेज असतील तर ते. मी तिला सांगितलं, उघडायचा तर सगळं पुसून उघडतो. ती काही बोलली नाही, फोन पिशवीत घालून गेली. आजच्या फोनांत आतला डेटा त्या पॅटर्नशी गुंफूनच कुलुपात असतो, बोर्ड काढून दुसऱ्या यंत्राला लावला तरी हाती भुसा येतो. हे तंत्रज्ञान म्हणून बरोबरच आहे. मीही माझ्या फोनात तेच मागेन. पण त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

यासाठीही सोय आलेली आहे, टीचर. हेच तर म्हणतोय मी. गूगलमध्ये २०१३ पासून 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. मी इतके महिने खातं वापरलं नाही तर माझ्या अमुक माणसाला फोटो मिळू देत, असं आधीच लिहून ठेवता येतं. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आणलं. पण ही सोय खात्याच्या सेटिंगात पाच पायऱ्या खाली पुरलेली आहे, आणि मेल्यावर लावता येत नाही. त्यात डिसेंबर २०२३ पासून गूगलने दोन वर्षं न वापरलेली खाती पुसायला सुरुवात केली. म्हणजे कुलूप उघडायची युक्ती सापडेपर्यंत आतलं घरच पाडलेलं असू शकतं. नवा फोन सुरू करताना तो वीस प्रश्न विचारतो, चेहरा, बोट, आवाज, थीम. एकविसावा विचारावा: तुमच्यामागे हे कुणाचं? मला एकच गोष्ट मागायला सांगितली तर ही. तोपर्यंत निदान प्रत्येक मुलाने घरच्या मोठ्या माणसाच्या खात्यात आपला नंबर रिकव्हरी म्हणून घालावा आणि पासवर्ड पूजेच्या कपाटातल्या वहीत लिहून ठेवावा. सिक्युरिटीवाले वहीचं नाव काढलं की नाकं मुरडतात. त्यांनी एकदा माझ्या काउंटरवर बसावं.

'अपडेट नाही आवडलं तर परत जाता यावं' अशी एक चिठ्ठी आहे. हिच्यावर मी 'आलेलं आहे' असंही लिहिलं आणि फुलीही मारली. आजच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत सिस्टिमच्या दोन जागा असतात, एकीवर तुम्ही फोन वापरत असता, तोवर दुसरीवर अपडेट चढतं. म्हणूनच हल्ली अपडेटला अर्धा तास काळा पडदा लागत नाही. नवी जागा सुरूच झाली नाही तर फोन आपोआप जुनीवर परततो. म्हणजे परतीची वाट आहे, पण ती फोनला, माणसाला नाही. कारण असं, की जुन्या आवृत्तीत भोकं असतात. परत जाऊ दिलं तर चोरही मुद्दाम मागे जाऊन त्या भोकातून शिरेल. शिवाय ॲपांनी आपला डेटा नव्या पद्धतीने मांडलेला असतो, जुन्याला तो वाचता येत नाही. ॲपल तर जुन्या आवृत्तीवर डिजिटल सही करणंच, म्हणजे तिला मंजुरी देणंच, काही दिवसांनी थांबवतं, मग ती फोनात जातच नाही. तरीही विंडोज १० मध्ये दहा दिवस परत जायची मुभा होती, ती फोनला का देता येऊ नये, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. डेटा पुसून मागे जाता येतं काही फोनांत, पण ते म्हणजे गळतं कौल बदलायला घर रिकामं करणं.

नेटवर्कवर कुणी लिहिलं नाही, साखळीत बरं असावं. सत्तरीत, काणकोणात तसं नाही. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या जुन्या घरात आत गेलं की दांड्या गायब. त्यावर वाय-फाय कॉलिंग हा खरा उपाय, आपल्याकडे २०१९-२० मध्ये एअरटेल आणि जिओने सुरू केला. घरात फायबर असेल तर साधा कॉल त्यावरून जातो, वेगळं ॲप नको. काही फोनांत अपडेटनंतर हे बटण बंद झालेलं मी बघितलंय, आणि माणूस 'रेंज गेली' म्हणून सिम बदलायला निघतो. आधी ते बटण बघा.

२०२३ मध्ये सरकारने सगळ्यांच्या फोनवर चाचणीचे इशारे पाठवले होते, आठवतं? भोंग्यासारखा आवाज. दुसऱ्या दिवशी दुकानात रांग, 'हे बंद करून द्या'. मी नाही करून दिलं. मे २०२१ च्या तौक्तेत आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. असा इशारा टॉवरवरून एकदम त्या भागातल्या सगळ्या फोनांना जातो, नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. माझी मागणी इतकीच, की वादळाचा इशारा आला की फोनने स्वतःच विचारावं: बॅटरी राखून ठेवू का, फक्त कॉल आणि टॉर्च? ते बचतीचं बटण आहेच, फक्त त्या घाईत कुणाला आठवत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त, आणि माझ्याकडे सांगायला सगळ्यांत कमी. ती फोनातच चालवायची तर रॅम भरपूर लागते, ॲपलचीसुद्धा आयफोन १५ प्रोच्या खाली चालत नाही. तुमच्या वर्गातले फोन मी पाहिलेत. एक उपयोग मात्र मनापासून हवा: 'डिजिटल अरेस्ट'वाले, म्हणजे फोनवरचे खोटे पोलीस, कॉलवर धरून ठेवतात आणि स्क्रीन शेअर करायला लावतात, तिथे फोनने आडवं यावं. अँड्रॉइड १५ स्क्रीन शेअर चालू असताना ओटीपी झाकतं. अँड्रॉइड १६ मध्ये अनोळखी माणसाशी कॉल चालू असताना धोक्याच्या काही परवानग्या देऊच देत नाही. हे चांगलं काम चाललंय.

आता तुमचा फोन. अपडेट करा, पण चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आठवड्यात नको आणि रविवारी नको, माझं दुकान बंद असतं. शनिवारी सकाळी करा. आदल्या रात्री फोटोंचा बॅकअप बघा. गूगलचे फुकटचे १५ जीबी भरलेत की काय ते आधी तपासा, २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजतात, आणि भरले की बॅकअप गुपचूप थांबतो. आत आठ-दहा जीबी मोकळे ठेवा, चार्ज साठ टक्क्यांच्या वर. पावसाचे दिवस, चार्जिंग पिनमध्ये ओल असल्याचा इशारा आला तर तो अपडेटचा दोष नाही, पंख्याखाली ठेवा, आत टाचणी टोचू नका. मोठी नवी आवृत्ती असेल तर दोन-तीन आठवडे थांबण्यात शहाणपण आहे, तुम्ही महिनाभर थांबलातच. नुसतं सिक्युरिटीचं असेल तर थांबायला नको होतं.

आणि ती शेवटून तिसरी चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली: 'आजीला वाचता येत नाही. मेसेज आला की फोनने तो मराठीत वाचून दाखवावा.' हेही आलेलं आहे. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'सिलेक्ट टू स्पीक' म्हणून आहे, मराठी आवाज एकदा उतरवून घ्यावा लागतो, मग त्याचं बटण दाबून मेसेजवर बोट ठेवलं की बोलतो. त्या मुलीला म्हणावं, आजीला आणि फोनला घेऊन शुक्रवार आणि रविवार सोडून कधीही ये, शुक्रवारी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पंधरा मिनिटांचं काम आहे. पैसे नको, पण आजीला सोबत आणच म्हणावं, आवाज किती हळू ठेवायचा ते तिनेच सांगायला हवं.